दारावर रंगवलेलं माझं वजन

दोष सरांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी 'दोन्ही बाजू असतात हो' म्हणायला नको.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं सात नंबरचं क्रुसिबल बोलतोय. चिनीमातीची बोटभर उंचीची वाटी, डोक्यावर झाकण, पोटावर काळ्या शाईनं सात. माझं काम एकच. पोटात मोरचुदाचे निळे खडे घ्यायचे, ज्योतीवर बसायचं आणि त्यांच्यातलं पाणी हाकलायचं. खडे दिसायला ठणठणीत कोरडे, पण लबाड, आत पाणी दडवून बसलेले. ऊब लागली की ते झाकणाखालून फुसफुसत पळतं आणि मला अशा गुदगुल्या होतात की तिपाईवरच नाचावंसं वाटतं. निळ्याचं पांढरं होतं. मग वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं पाणी. त्याला सुरुवातीच्या खड्यांच्या वजनानं भागा, शंभरनं गुणा, झाली टक्केवारी. छत्तीसच्या आसपास यायला हवी.

आता खड्यांचं वजन काढायचं तर आधी मी रिकामा किती, ते हवं. सरांनी शेण खाल्लं ते इथं.

प्रत्येक पोरानं रिकामं क्रुसिबल तोलत बसायचं म्हणजे वेळ जातो, आणि सरांना चहाला उशीर होतो. म्हणून त्यांनी आम्हा वीस जणांना एकदाच तोललं आणि कपाटाच्या दारावर पांढऱ्या ऑइलपेंटनं यादी रंगवली. सात नंबर, १८.४० ग्रॅम. खाली सही, जणू ताजमहाल बांधला.

पुढच्याच सत्रात मला धुताना, शीळ वाजवत, पोटात चिकटलेलं काढायला त्यांनीच मला बेसिनच्या कडेवर आपटलं. काठाचा टवका उडाला. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, टवका बुटानं टेबलाखाली सारला आणि मला कपाटात ठेवून दिलं. मी झालो अठरा. दार म्हणत राहिलं अठरा पूर्णांक चाळीस. रंग कोण खरवडणार?

तेव्हापासून मी ज्याच्या वाट्याला येई, त्याचं उत्तर पंचेचाळीस. पोरं हुशार. वरच्या वर्गातले सांगून ठेवायचे की ३६.०७ लिही आणि बाकीचं मागून जुळव. आधी उत्तर, मग वजनं. सर लाल शाईनं बरोबरची खूण करायचे. अकरा वर्षं. थोरामोठ्यांना खरं उत्तर नको असतं, ओळखीचं हवं असतं.

मग ती आली. सगळं दोनदा तोलायची, म्हणून वर्ग तिला 'तराजू' म्हणायचा. गेल्या वर्षी परीक्षेत मी तिच्याच वाट्याला आलो होतो. दारावरचं वजन धरून तिनं पंचेचाळीस काढले आणि पंचेचाळीसच लिहिले. सरळ नापास. या वर्षीही उडालीस तर मामाच्या दुकानात शर्टांना बटणं लावायची, असं वडिलांनी बजावलेलं. पोरगी कशात अडली, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही.

यंदा परीक्षेत चिठ्ठी उचलली, पुन्हा सात. मी मनात म्हटलं, मेली बिचारी. पण तिनं दाराकडे पाहिलंच नाही. मला रिकामाच उचलून काट्यावर ठेवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा! आकडे भिरभिरले, माझं डोकं गरगरलं, आणि आकडे थांबले. १८.००.

खड्यांसकट वीस. तापवून, गार करून १९.२८. पुन्हा तापवून तेवढंच. दोन ग्रॅममधून ०.७२ पाणी गेलं. छत्तीस टक्के. मी आतून खदखदत होतो.

सरांनी कागद पाहिला आणि पहिल्याच आकड्यावर लाल रेघ मारली. "रिकाम्याचं वजन चुकलं. दारावर लिहिलंय ना?"

"दारावरचं जुनं आहे, सर. मी आत्ता तोललं."

"म्हणजे माझी सही खोटी?"

"सही खरी आहे, सर. वजन खोटं आहे."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. सर शून्य लिहायला वाकले. तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या बाहेरच्या परीक्षक बाई उठल्या, माझं पोट पुसून रिकामं केलं आणि मला काट्यावर ठेवलं. १८.००. मग त्यांनी कपाटातल्या जुन्या वह्या मागितल्या. सात नंबरची सगळी पानं चाळली. सगळीकडे रिकामा १८.४० आणि उत्तर ३६.०७, फक्त गेल्या वर्षीच्या एका पानावर पंचेचाळीस.

"अकरा वर्षांत एक पान सोडलं तर कुणाचंही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "फारच हुशार कॉलेज आहे."

सरांचा चेहरा तापवलेल्या मोरचुदासारखा पांढरा. त्या रात्री कपाटातले आम्ही वीसच्या वीस जण खिदळत होतो.

तराजू पास झाली. बटणं मामाच लावतो.

आणि सरांना काय झालं? काही नाही. त्यांनी नोंदवहीत 'क्रुसिबल सदोष' असं लिहिलं आणि मला कचऱ्याच्या डब्यात भिरकावलं. झाकण तिथंच फुटलं. तिनं मला शोधून घरी नेलं. आता मी तिच्या टेबलावर असतो, पोटात दोन रिफिली आणि एक खोडरबर. तुम्हाला एवढंच सांगतो, दारावर कुणाचीही सही असो, आधी स्वतः तोला.

मला हे केवढ्याला पडलं? ०.४० ग्रॅमचा टवका, एक झाकण आणि ज्योतीवरची जागा.