नारिंगी कागद

"डिंक नको, फेव्हिकॉल लाव. डिंकाचा कागद मुलं उचकटतात," मुख्याध्यापिका भाग्यश्री मॅडम दारातून म्हणाल्या. दुसरीच्या वर्गात शरीराचा तक्ता होता. आम्रपालीने त्यावर पोटाच्या खाली नारिंगी कागद दाबून बसवला. बेंबीपर्यंत शरीर, मग कागद, मग मांड्या.

आदल्या दिवशी तिने नाक-कान शिकवतात तशी त्या भागांचीही नावं शिकवली होती. तिथं दुखलं, कुणी हात लावला, तर नाव घेऊन मोठ्यांना सांगायचं, एवढाच धडा. वर्गातली अपेक्षा हुशार. तिने रात्री जेवताना तो आजोबांना म्हणून दाखवला.

आजोबा म्हणजे सोपानराव. चऱ्होलीतली शाळेची जागा त्यांची, म्हणून शाळेची लाजही त्यांनी आपल्याच नावावर चढवलेली. शेतात बारा मजली इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना काही उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं, तक्त्याने वाटलं. सकाळी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत ते म्हणाले, "बाई, आमची पोरगी चांगल्या घरची हाय. तुमच्यात चालत आसंल ह्ये, आमच्यात न्हाई."

'तुमच्यात' म्हणजे कुणात, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. आम्रपाली काळेवाडीहून यायची. हंगामी बाई, जूनमध्ये कायम होणार होती. तिने माफी मागितली, आणि स्वस्तात सुटले असं तिला वाटलंही. अपेक्षाला रात्रीच तोंडावर एक चपराक बसली होती. हुशार असल्यामुळे एकच पुरली.

दिवाळीनंतर अपेक्षा बाकावर पाय आवळून बसायला लागली. पाणी पिईना. लघवीला जाऊन आली की डोळे ओले. आम्रपालीने जवळ घेऊन विचारलं, काय होतंय. मुलीने दाराकडे पाहिलं. मग उठून तक्त्यापाशी गेली, नारिंगी कागदावर बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

आम्रपालीने मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोपानरावांना फोनवर कुठला शब्द सांगणार आहेस? पोटात दुखतंय म्हण."

आम्रपालीने फोन लावला. पलीकडून खाकरणं ऐकू आलं आणि तिला जून आठवला. "तिच्या पोटात दुखतंय," ती म्हणाली.

घरी आठवडाभर ओवा झाला, दृष्ट काढून झाली. मग हुडहुडी भरून ताप चढला. लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. एक मूत्रपिंड कायमचं अधू झालं. पोरीने आधी सांगितलं कसं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सोपानरावांनी तो प्रश्न जसाच्या तसा शाळेत आणला.

वर्गात ते तक्त्याकडे पाठ करून उभे राहिले. "दिसभर तुमच्यापाशी आसती ती. तुमाला कळलं न्हाई?"

"कळलं होतं," आम्रपाली म्हणाली.

"मंग?"

तिने त्यांच्या पाठीमागच्या नारिंगी कागदाकडे पाहिलं. काही बोलली असती तरी निष्काळजी बाई नको, हे आधीच ठरलं होतं. भाग्यश्री मॅडमनी मान खाली घालून होकार दिला. मान खाली घालण्याचा त्यांना चांगला सराव होता.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मुलं मैदानावर गेल्यावर आम्रपालीने तक्त्यावरचा कागद नखाने सोडवला. फेव्हिकॉल इमानदार निघाला. कागदाबरोबर खालचं चित्रही निघून आलं. मागे नुसता पांढरा चौकोन.

अपेक्षाला अजून खेळायची मनाई होती. ती बाकावरून उठली, खाली पडलेला कागद उचलून तिने तळहाताने सपाट केला.

"बाई, परत लावा," ती हळूच म्हणाली. "आजोबा रागावतील."

आणि टेबलावरची फेव्हिकॉलची बाटली तिनेच पुढे केली.