गांडुळाचा पदर

मित्रांनो, मी एक जुनी नऊवारी साडी आहे आणि सध्या गांडूळ म्हणून काम करते. हसा, हरकत नाही. लोकांना हसवणं हेच आता माझं काम आहे.

माझा जन्म उमरेडचा. बाबनरावांच्या घरी हातमाग होता. तो विकायचा ठरला, तेव्हा त्यांनी शेवटची साडी बायकोसाठी, म्हणजे गोदूबाईंसाठी विणली. ती मी. अंग विटकरी, काठाला करवतीचे दात आणि पदरावर वीतभर रुंद फिका पट्टा. पदर विणताना बाबनराव म्हणाले होते, "पदर म्हंजे साडीचं तोंड, गोदू. लोकं आदी तेच पाह्यतात." हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोदूबाई मला नेसून लग्नाकार्याला निघाल्या की बायका पदर चाचपून बघत. मला फार भारी वाटायचं. पुढे बिऱ्हाड नागपुरात हुडकेश्वरला आलं. बाबनराव मिहानमधल्या एका कंपनीच्या गेटवर पहारेकरी झाले, गोदूबाई पाचवारी नेसू लागल्या आणि मी डांबरगोळ्यांसोबत लोखंडी पेटीत गेले. दर दिवाळीला गोदूबाई मला बाहेर काढून घडी बदलत, बस. बाकी वर्षभर अंधार.

त्यांचा एकुलता एक मुलगा चंदन शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवतो. दोनेक वर्षांपूर्वी त्याने घरी सांगितलं की त्याचं मन पुरुषांवरच जडतं आणि कुठल्या मुलीशी लग्न करून तो तिला फसवणार नाही. बाबनराव ओरडले नाहीत. त्यांनी बोलणंच बंद केलं. चंदन हातभर अंतरावर बसलेला असला तरी ते बायकोला म्हणत, "त्याले सांग वं, नळ आला म्हना." पेटीतून मला सगळं ऐकू यायचं. खरं सांगते, त्यापेक्षा भांडण बरं.

एक दिवस पेटी उघडली. चंदन आणि त्याची मैत्रीण मयुरी मिळून नाटक बसवत होते. मयुरी खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेली. शाळेच्या दाखल्यावर तिला मुलगा लिहिलंय, पण ती मुलगी आहे हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिची ढोलकी अशी, की भांडायला आलेले शेजारी ठेका धरून परत जातात.

"माय, गांडूळ बनवाले तुही साडी पायजे," चंदन म्हणाला.

"ने बाप्पा, पन कात्री लावू नको," गोदूबाई म्हणाल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "खोली पाह्यली म्हनते तू? जातच काय?"

"एक तारखेले जातो. बाप बोलत नाही त्या घरात किती दिवस राहू मी?"

 गोदूबाईंनी मला दोनदा कुरवाळलं.

मयुरीने मला वेताच्या कड्यांवर शिवलं. पदर मागे झुलेल तर शोभून दिसेल, म्हणून तो शेपटीला लावला. आत तिघं शिरले, पुढे चंदन. नाटकात गांडूळ सरकारी कचेरीत जातं. साहेब विचारतो, "नर की मादी?" गांडूळ म्हणतं, "दोनी हावो, साहेब." "एकावरच खूण करा!" "मंग वावर कोन भुसभुशीत करन?" मग गाणं सुरू होतं:

*माह्या अंगात दोनी गा, कोनाकोनाले सांगू,*
*माती तेवढी मऊ करतो, आनखी काय मांगू!*

पुढे मयुरी नर जन्मून मादी होणाऱ्या माशाची गोष्ट गाते. आणि मग ढोलकी खाली ठेवून, दाखल्यावरची नोंद बदलायला अशाच एका कचेरीच्या खिडकीपुढे आपण कितीदा उभे राहिलो ते साधेपणाने सांगते. 

पहिला प्रयोग रविवारी दुपारी, घराजवळच्याच समाजभवनात होता. बाबनरावांनी गोदूबाईंना स्कूटरवरून आणून सोडलं. "मी बाहीरच हावो," ते म्हणाले. पण गाणं सुरू झालं तसे ते दारात आले, आणि मयुरी बोलत होती तेव्हा शेवटच्या रांगेत बसले होते.

नाटक संपल्यावर चंदनने विचारलं, "कोनाले काही विचाराचं हाये?"

बाबनराव उभे राहिले. चंदनचा हात माझ्या काठावर घट्ट झाला. 

"चूक हाये," बाबनराव म्हणाले. "गांडुळाचा फिका पट्टा तोंडाकडून राह्यते. उमरेडच्या तलावावर गळ टाकतानी शंभरदा पाह्यला. तुमी शेपटीले लावला." आणि मग थेट पोराकडे बघत, "काहून गा, तू तं मास्तर हायेस ना? तुले नाही दिसलं?"

सगळे खो खो हसले. रोज फळ्यावर गांडूळ काढणारा चंदन हसला नाही. दीड वर्षात पहिल्यांदा बाप त्याच्याशी बोलला होता. "नाही दिसलं, बाबा," एवढंच तो म्हणाला आणि माझ्याच काठाने त्याने डोळे पुसले.

"घरी आन. उसवून देतो."

त्या संध्याकाळी अंगणात बाबनरावांनी टाके उसवले. दुसरं टोक धरून चंदन बसला होता.  मग बाबनराव म्हणाले, "मले सगळं समजलं नाही अजून. समजाले टाइम लागन. पन माह्या हातचा पदर उलटा लागलेला मले पाह्यवत नाही." थोड्या वेळाने पुन्हा, "खोलीवाल्याले नाही म्हन. तुही माय रडून राह्यली."

चंदनने एका हाताने माझं टोक धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

मित्रांनो, वापरल्याने कापड विरतं असं तुम्हाला वाटत असेल. मी पेटीत राहून पाहिलंय, न वापरता ठेवलं की ते घडीवर फाटतं. म्हणून तुमच्या घरी कोणी पेटीत पडलं असेल, साडी असो की माणूस, त्याला वेळेवर बाहेर काढा. सगळं समजेपर्यंत थांबू नका. बाबनरावांना अजूनही सगळं समजलेलं नाही, पण प्रत्येक प्रयोगाआधी ते कड्यांचे टाके तपासतात, पदर तोंडाकडे आहे ना ते बघतात, आणि मग पोराला विचारतात, "जेवला का गा?"