शिक्क्याची आवश्यकता नाही

राज्य तलवारीवर मिळतं, पण चालतं शिक्क्यावर, असं थोर लोक सांगून गेले आहेत. नेमके कोणते थोर लोक, हे शिक्केमास्तरांना कधी कळलं नाही. वाक्य वडिलांच्या वेळेपासून दुकानाच्या पाटीवर होतं, आणि ते तिथं आलं पाटी रंगवणाऱ्यामुळे. नाव लिहून झाल्यावर त्याला खाली जागा उरलेली दिसली.

दुकान म्हणजे सरकारी कार्यालयाच्या कुंपणभिंतीतली एक खिडकी आणि तिच्यामागे सहा बाय चारची जागा. आत एक दिवा, एक भिंग, अक्षरांचे खण, रबर दाबायचं यंत्र आणि शाईचा असा वास, की मास्तर घरी गेले तरी तो त्यांच्याआधी दारात पोचायचा. कार्यालयातला प्रत्येक शिक्का, ‘आवक’पासून ‘विचार करून नामंजूर’पर्यंत, याच खिडकीतून गेलेला.

धंद्याचा नियम एकच होता आणि तो वडिलांचा होता. कार्यालयाचं मागणीपत्र हवं, मागणीपत्रावर कार्यालयाचा शिक्का हवा, मगच नवा शिक्का बनवायचा. बनला की एका जाडजूड वहीत डावीकडे मागणीपत्र चिकटवायचं आणि उजवीकडे नव्या शिक्क्याचा पहिला ठसा उमटवायचा. “आपल्यात आणि ठकात एका कागदाचा फरक असतो,” असं वडील म्हणत. मास्तरांनी एकतीस वर्षं तो फरक जपला होता.

महिन्याच्या एक तारखेला कार्यालय कागदमुक्त झालं.

नवे साहेब तरुण आणि उत्साही होते. त्यांनी रीतसर समारंभ ठेवला. सगळ्या टेबलांवरचे मिळून बहात्तर शिक्के एका पत्र्याच्या पेटीत गोळा केले. मास्तरांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली, एक फुलांचा गुच्छ दिला आणि भाषणात त्यांचा उल्लेख ‘एका युगाचे साक्षीदार’ असा केला. मास्तरांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का ते.

मग साहेबांनी कार्यालयाचा गोल शिक्का कात्रीनं कापायला घेतला. रबर चांगल्या प्रतीचं असल्यामुळे कात्री चालेना. पाच मिनिटं सगळे ताटकळले. शेवटी मास्तरच उठले, दुकानातून पातं आणलं आणि “असं तिरकं धरा, साहेब,” म्हणून दाखवलं. टाळ्या झाल्या.

दुकानाचा परवाना तीस तारखेला संपत होता. दरवर्षी हेडक्लार्क बाई एका कागदावर मुदत वाढवून द्यायच्या. आता अर्ज पोर्टलवर करायचा होता. मुदतीत नूतनीकरण झालं नाही तर खिडकी बुजवून भिंतीला लागून नागरिकांसाठी स्वयंसेवा यंत्र बसवायचं ठरलं होतं. कार्यालय इतर बाबतीत कसंही असो, विटा मात्र वेळेवर आल्या. खिडकीखालीच त्यांचा ढीग रचला गेला.

“अहो, त्या विटांवर वही ठेवून लिहीत बसू नका,” मास्तरांची बायको म्हणाली. “त्यांना वाटेल, तुमची संमती आहे.”

ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, ही तिची सवय. त्यामुळे अर्ज भरायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. जेवणाचं टेबल पुसून फोन मधोमध ठेवला. नाव झालं, पत्ता झाला. मग ‘व्यवसाय निवडा’ आलं. खाली दोनशे चौदा व्यवसायांची यादी होती. तिनं ती पहिल्यापासून मोठ्यानं वाचली. यादीत विदूषक होता, फुगेवाला होता, मधमाश्या पाळणारा होता. शिक्के बनवणारा नव्हता.

“फुगेवाला व्हा,” ती म्हणाली. “कोण बघतंय?”

“मी फुगे विकत नाही.”

“शिक्के तरी कुठे विकताय सध्या?”

मास्तरांनी बोटानं यादी आणखी खाली सरकवली. यादीत सगळ्यात शेवटी ‘इतर’ होतं. तिनं ते दाबलं. लगेच लाल अक्षरं आली: ‘इतर म्हणजे काय, याबाबत कार्यालयप्रमुखांचा दाखला जोडा. दाखल्यावर कार्यालयाचा गोल शिक्का आवश्यक.’

यात पोर्टल बनवणाऱ्यांचा दोष नव्हता. त्यांना जुना छापील अर्ज दिला होता आणि त्यांनी त्यातली एकही अट गाळली नव्हती. प्रामाणिक माणसं होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर हेडक्लार्क बाईंसमोर उभे राहिले. बाईंनी दाखला लगेच लिहिला. ‘हे गृहस्थ शिक्के बनवतात, हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे.’ साहेबांची सही झाली. मग सवयीनं बाईंचा हात टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि तिथल्या मोकळ्या जागेवर दोनदा आपटून परत आला.

“आडातच नाही मास्तर, पोहऱ्यात कुठून आणू?”

“मग?”

“थांबा जरा.” बाईंनी आजूबाजूला पाहिलं, चहाच्या कपाचं बूड शाईच्या पॅडवर टेकवलं आणि दाखल्यावर दाबलं. छान गोल उमटला. फोटो काढून त्यांनी तो पोर्टलवर चढवला. पोर्टलनं क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं: ‘शिक्का अस्पष्ट.’

“बघा,” बाई म्हणाल्या, “बनावट आहे असं नाही म्हणालं. अस्पष्ट म्हणालं. म्हणजे वाव आहे.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “मास्तर, तुम्हीच बनवा की एक. जुन्या शिक्क्याचा ठसा वहीत असेलच. कोणाला कळतंय?”

“मागणीपत्र द्या.”

“कागद बंद झालेत. ईमेल पाठवते.”

“त्यावर शिक्का असेल?”

बाईंनी डोळे मिटून घेतले. “मास्तर, शिक्का असता तर शिक्का मागितला असता का?”

“नियम आहे, बाई.”

“सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा.”

“सुंभ अजून जळलेला नाही,” मास्तर म्हणाले. “तीस तारखेपर्यंत मुदत आहे.”

घरी हा संवाद त्यांनी बायकोला शब्दशः सांगितला. आपली बाजू भक्कम आहे, अशी त्यांची समजूत होती.

“म्हणजे दुकान गेलं तरी चालेल, पण नियम राहिला पाहिजे,” ती म्हणाली. “आणि नियम कुठे ठेवणार? फ्रिजवर?”

“अगं, उद्या कोणीही येऊन तोंडी सांगेल, अमुक कार्यालयाचा शिक्का द्या. मी देत बसू?”

“कोणीही नाही. ज्यांचा शिक्का, तेच मागतायत.”

“तोंडी.”

 तिनं उठून कपाटातून सासऱ्यांची सगळ्यात पहिली वही काढून आणली. “मला एक सांगा. तुमच्या वडिलांनी या कार्यालयाचा अगदी पहिला शिक्का बनवला, तेव्हा मागणीपत्रावर शिक्का कुठला होता?”

मास्तरांनी एकतीस वर्षांत हा विचार केला नव्हता. पहिलं पान उघडलं. उजवीकडे गोल ठसा होता. डावीकडे चिकटवलेलं काहीच नव्हतं. वडिलांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘कार्यालय नवे. शिक्का नाही. मुख्य साहेब स्वतः खिडकीशी आले, उभे राहून मागणी सांगितली, येथे सही केली. चालवून घेतले.’

“म्हणजे साहेब स्वतः आले तर चालतं,” बायको म्हणाली.

“स्वतः आले तर,” मास्तर म्हणाले. हे म्हणताना त्यांना जरा हायसं वाटलं आणि लगेच पुन्हा काळजी वाटली. कारण ज्या माणसानं गोल शिक्का सगळ्यांसमोर कापला, तो चालत खिडकीशी येऊन “नवा द्या” म्हणेल, हे अवघड होतं.

बाईंनी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, शक्य नाही, चुकीचा संदेश जाईल. पंचवीस तारीख गेली, सत्तावीस गेली. मास्तरांनी खण रिकामे करायला घेतले. अक्षरं एकेक करून कागदात बांधली. एकोणतीसला गवंडी येऊन खिडकीचं माप घेऊन गेला. मास्तरांनी त्याला टेपचं दुसरं टोक धरून दिलं.

तीस तारखेला दुपारी तीन वाजता साहेब खिडकीशी आले. सोबत बाई होत्या. कार्यालयाच्या दारापासून खिडकी चाळीस पावलांवर, पण साहेबांना घाम आला होता.

“मास्तर,” साहेब म्हणाले, “ते तुमच्या परवान्याचं मला फार लागून राहिलंय.”

“साहेबांना वर अहवाल पाठवायचाय,” बाई निर्विकारपणे म्हणाल्या. “कार्यालय शंभर टक्के कागदमुक्त झाल्याचा. आज शेवटचा दिवस. पोर्टलनं त्याला दाखला जोडायला सांगितलाय.”

“गोल शिक्क्यासह?” मास्तरांनी विचारलं.

“गोल शिक्क्यासह,” साहेब म्हणाले.

मास्तरांनी वही उघडली. “उभे राहून मागणी सांगा.”

“उभाच आहे.”

“तेच लिहितोय.”

साहेबांनी मागणी सांगितली. फाटकातून येणारीजाणारी माणसं थांबून ऐकत होती. साहेबांनी वहीत सही केली, तारीख टाकली. मास्तरांनी बांधलेली अक्षरं पुन्हा सोडली, साचा जुळवला, यंत्र तापवलं. पावणेदोन तास लागले. तेवढा वेळ साहेब विटांच्या ढिगावर बसून होते, कारण दुसरं बसायला काही नव्हतं.

पहिला ठसा वहीत उमटला. दुसरा साहेबांच्या अहवालाच्या दाखल्यावर. तिसरा मास्तरांच्या दाखल्यावर. पोर्टलनं दोन्ही एका मिनिटात स्वीकारले. पाच वाजून दहा मिनिटांनी मास्तरांच्या बायकोच्या फोनवर परवाना आला. साहेबांनी हात मिळवला आणि म्हणाले, बघा, पूर्वी याला आठ दिवस लागत. बाईंनी नवा शिक्का रुमालात गुंडाळून घेतला. पूर्वी याला एक चहा लागत असे.

पुढच्या सकाळी गवंडी सिमेंट कालवून आला. बायकोनं मुद्दाम छापून आणलेला परवाना मास्तरांनी त्याच्यापुढे धरला. त्यानं तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

“शिक्का कुठाय?”

“खाली वाचा. ‘हा परवाना संगणकाद्वारे तयार केला असून त्यावर शिक्क्याची आवश्यकता नाही.’”

“असं कोणीही लिहील,” गवंडी म्हणाला.

मास्तरांना त्याचं म्हणणं मनापासून पटलं. ते कार्यालयात गेले. बाईंनी मान वर न करता परवान्यावर गोल शिक्का मारला, नेमका त्या ओळीवर. गवंड्यानं तो पाहिला, मान डोलावली आणि कालवलेलं सिमेंट वाया जाऊ नये म्हणून फाटकाजवळचा खड्डा बुजवून निघून गेला.

परवाना आता खिडकीत काचेखाली लावलेला आहे. त्यावर मास्तरांचं नाव, पत्ता आणि दुकानाचं माप बरोबर आहे. व्यवसायाच्या रकान्यात ‘इतर’ असं छापलेलं आहे.