दोरा ओवलेल्या सुया

"काकू, थांबा! पाय टाकू नका, ओलं आहे!"

मिस्त्री स्वयंपाकघरातून ओरडला तेव्हा काजवाल्या काकूंचा उजवा पाय हवेतच होता. तो त्यांनी तसाच मागे घेतला आणि तोल सावरायला भिंतीवर हात टेकला. भिंतही ओलीच निघाली. तळहाताला गार रंग लागला.

"एवढी मोठी फळी आडवी लावलीय," मिस्त्री म्हणाला. "दिसली नाही?"

"दिसली रे. विचारात होते."

थापीची खरखर थांबली. हात पुसत मिस्त्री जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काल मला चहा दिलात ना, तो माझ्यापासून हातभर बाजूला धरला होतात. मी गुपचूप सरकून घेतला."

काकूंनी रंगाचा हात पदराला पुसला. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस."

काकूंनी उभा जन्म एका शिवणकारखान्यात काजं केली. काजाचं यंत्र आलं तरी भारी कपड्यांची काजं हातानंच व्हायची आणि ती काकूंकडेच यायची. म्हणून त्या काजवाल्या काकू. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तेव्हा एक डोळा जवळजवळ गेलाच होता. उरलेल्या डोळ्यालाही आता काजातून पाहावं तेवढंच दिसायचं, आणि तेही धूसर. लाल, निळं, काळं सगळं एकाच मळकट रंगाचं. ही गोष्ट त्यांनी मुलापासून लपवली होती, आणि आजवर ती खपूनही गेली होती, कारण अख्खं घर त्यांच्या हातापायांना पाठ होतं.

आणि नेमकं तेच घर आता उकरून ठेवलेलं होतं. सुट्टीत आम्ही सगळे येतोय, तेवढं गळकं न्हाणीघर दुरुस्त करून घे, असं मुलानं फोनवर सांगितलं. नको म्हणावं तर का नको, हा प्रश्न आलाच असता. खोदायला घेतल्यावर नळी पार स्वयंपाकघरापर्यंत सडलेली निघाली. ओटा या भिंतीवरून त्या भिंतीला गेला, जमीन चार बोटं वर आली, दार उलट्या बाजूला उघडायला लागलं. ज्या घराच्या जोरावर काकू डोळ्यांवाचून निभावत होत्या, ते घरच मिस्त्रीनं फिरवून ठेवलं.

मुलगा वाईट नव्हता, हीच खरी पंचाईत होती. मागच्या वेळी काकूंची बाही गॅसवर भाजली तेव्हा तो म्हणाला होता, "आता पुन्हा असं काही झालं तर मी तुला एकटं ठेवणार नाही. तुझ्यासाठी खोली तयार आहे." ती खोली काकूंनी पाहिली होती. गादी मऊ, उजेड भरपूर. पण तिथे कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नसे. पत्ता चुकून आलेल्या पार्सलासारखं दिवसभर पलंगावर बसून राहायचं. त्या खोलीच्या नुसत्या आठवणीनं काकूंना घाम फुटायचा.

मिस्त्रीनं मनावर घेतलं. नव्या पायरीच्या कडेला त्यानं खडबडीत फरशी बसवली. "कुणी विचारलंच तर घसरू नये म्हणून घातलीय सांगा." सिमेंट वाळल्यावर काकू दिवसभर फिरत राहिल्या. गॅस, मोरी, दाराची कडी. गुडघा काळानिळा झाला. दोनदा त्या जुन्या ओट्यापाशी गेल्या आणि रिकाम्या भिंतीवर भांडं ठेवायला निघाल्या. दोन्ही वेळा भांडं आवाज करत घरभर फिरलं.

सगळ्यात मोठी धास्ती सुईची होती. मुलगा लहानपणापासून कधी शाबूत बटणांनिशी घरी आला नव्हता. टाका त्या अंधारातही घालतील, पण दोरा ओवता ओवता पकडल्या जातील. तेव्हा तेही काम मिस्त्रीकडेच आलं.

"चार मजले चढवीन एका दमात," सुईपुढे डोळे बारीक करत तो कुरकुरला, "पण हे काम नको रे बाबा." तरी त्यानं सगळ्या ओवल्या. काकूंनी त्या सुयांच्या उशीत क्रमानं टोचून घेतल्या. डावीकडून पांढरा, काळा, निळा, लाल.

शेवटचा हात मारून मिस्त्री निघाला तेव्हा पाहुणे यायची वेळ झालीच होती. "काकू, कपाट सरकवताना सुयांची उशी पडली होती. सगळ्या वेचून परत लावल्यात. एकही हरवली नाही."

"देव भलं करो तुझं," काकू म्हणाल्या. पण त्यांचं सगळं लक्ष बाहेरच्या गाडीच्या आवाजाकडे होतं.

पाहुणे आले आणि घर गजबजून गेलं. "आई, काय झकास झालंय गं!" मुलानं मिठी मारली. सून आली, नातवंडं आली, नातवंडांनी आल्याआल्या काकूंच्या खिडकीजवळच्या खुर्चीसकट सगळ्या खुर्च्यांची आगगाडी केली. काकू एका खुर्चीवर सपशेल आदळल्या.

"नव्या घराची सवय व्हायचीय अजून," त्या हसून म्हणाल्या.

"मला तर काहीच सापडत नाहीये, आई," सून म्हणाली. काकूंना हायसं वाटलं. या एका गोष्टीपुरती तरी तोडफोड कामाला आली. चहा त्यांनी आवाजावर ओतला. एक थेंब सांडला नाही.

कप खाली ठेवत मुलगा म्हणाला, "आई, बटण लोंबतंय बघ. लावून देतेस?"

तो सहज बोलला की पारखून बघतोय, ते त्यांना कळेना. त्यानं काढून दिलेला शर्ट मांडीवर घेत त्यांनी खडा टाकला, "मागच्या वेळचाच का रे हा?"

"छे, तो निळा. पांढरा माझ्याकडे होता कुठे?"

पांढरा. काकूंनी उशीतली डावीकडची पहिली सुई काढली. बोटांना तर सगळं येतच होतं. सुई आत गेली, बाहेर आली, बटणाच्या मानेभोवती दोऱ्याचे वेढे पडले, गाठ बसली. दोरा दातानं तोडताना त्यांना कारखान्यातल्यासारखं ताठ बसावंसं वाटलं. जमलं होतं.

मुलानं शर्ट अंगात घातला. सून म्हणाली, "अय्या, पण हा तर लाल दो..." आणि तिथेच थांबली.

मिस्त्रीचा आवाज काकूंच्या कानात घुमला. एकही हरवली नाही. समोर मुलगा उभा होता. त्यांच्या काजाएवढ्या उजेडात त्याचा चेहरा कुठे मावत नव्हता.

"मीच सांगितलं लाल लावायला," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं नव्हतं. ते त्याला माहीत होतं आणि काकूंनाही. आता खोलीचं नाव निघणार म्हणून त्या कान टवकारून बसल्या. पण तो मुलांना चपला घाला म्हणून ओरडला. सगळ्यांना बाजारात जायचं होतं.

दारातून सुनेनं विचारलं, "शर्ट बदलत नाहीस? लोक बघतील."

"बघू देत."

बाकीचे जिना उतरले. तो मात्र मागे राहिला. काहीतरी ओढल्याचा आवाज झाला आणि थांबला.

"आई," तो म्हणाला, "खुर्ची मुलांनी दाराशी आणली होती. मी ती खिडकीपाशी परत ठेवलीय. पाठ भिंतीला लागून."

एवढंच बोलून तो गेला. त्याच्या मनात काय आहे, परत आल्यावर तो काय म्हणेल, काही कळायला मार्ग नव्हता. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत काकू उभ्या राहिल्या. मग खिडकीच्या दिशेनं चालत गेल्या आणि भीत भीत हात पुढे केला.

खुर्ची सांगितली होती तिथेच होती.