दाण्याच्या पोटातलं खरं

मी चिमूटभर काळी भुकटी बोलतेय. साठ-साठ कार्बन अणूंचे पोकळ चेंडू आणि त्यांच्या फटींत शिरलेलं पोटॅशियम, एवढंच माझं गोत्र. हवा लागली की मी बिघडते, म्हणून जन्मापासून काचेच्या बंद नळीत आहे.

दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत उत्तराने मला घडवलं. ती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला. मला चौदा दिवस भट्टीत ठेवायचं ठरलं होतं. पण परदेशातल्या, म्युऑन नावाचे कण मारणाऱ्या यंत्रावर मिळालेली तारीख जवळ आली, आणि तिने अकराव्या दिवशीच मला बाहेर काढलं. मार्गदर्शक डॉ. श्रीपाद यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मग मला शून्याखाली दोनशे साठ अंशांपर्यंत गार करून चुंबकाची चाचणी झाली. मी चुंबकत्व साफ परतवलं. म्हणजे विजेला जराही न अडवणारी, अतिवाहक!

"बिल्कुल परफेक्ट!" सर म्हणाले. 'अख्खी भुकटी अतिवाहक' असा शोधनिबंध त्यांनी पाठवूनही दिला.

परदेशी निघताना विमानतळावर जवानाने मला उजेडात धरलं. "मॅडम, ये काला पाउडर क्या है?"

"कार्बन है जी. कोयले का रिश्तेदार."

त्याने प्रयोगशाळेचं पत्र दोनदा वाचलं आणि आम्हाला सोडलं.

तिकडे माझ्यावर म्युऑनचा मारा झाला. म्युऑन म्हणजे क्षणभर जगणारी चुंबकसुई. तो माझ्यात रुततो, आसपासच्या चुंबकत्वाप्रमाणे फिरतो, आणि मरताना एक कण भिरकावून आपलं तोंड कुठे होतं ते सांगून जातो. असे लाखो मेले. माणसं पडद्यावर त्यांच्या साक्षी मोजत बसली.

चुंबकाला माझ्या दाण्यांची नुसती साल दिसली होती. म्युऑन पोटात शिरले. तिथे पोटॅशियम पोचलंच नव्हतं. अतिवाहक भाग निघाला चाळीस टक्के.

उत्तराने सरांना फोन लावला.

"यंत्रात काही गडबड?"

"नाही सर. तीनदा मोजलं."

"मग हा आकडा आत्ता नको. पुढच्या निबंधात बघू."

"सर, मी भट्टीतून तीन दिवस आधी काढलं होतं. घाई केली. निबंध परत घेऊ या."

"वर्ष जाईल तुझं."

"हो सर."

सरांनी निबंध परत घेतला. वर्ष गेलंच. जर्मनीतली ठरत आलेली संशोधकाची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. घरी तिच्या बाबांनी, गुणवंतरावांनी, एकदाच विचारलं, "तुला कुणी विचारलं होतं का गं?"

"नाही."

"अच्छा," म्हणत त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

पुढे तिने माझी धाकटी बहीण घडवली. तिला वीस दिवस भट्टीत ठेवलं. तिच्या पोटात म्युऑनना नव्वद टक्के भाग अतिवाहक सापडला. निबंध छापून आला. त्यात माझीही एक ओळ आहे.

आता उत्तरा गुरुग्रामच्या एका कॉलेजात शिकवते. मी तिच्या फडताळात. नळीला बारीक तडा गेलाय, हवा आत येतेय. लवकरच मी साधी काजळी होईन. त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

रोज सकाळी विद्यार्थी आले की ती पहिला प्रश्न विचारते, "काल काय बिघडलं?" काहीजण पायांकडे बघत उभे राहतात. मुलांनो, सांगून टाका. ती रागावत नाही. खुर्ची पुढे ओढते आणि म्हणते, "बस. पहिल्यापासून सांग."