सर्व्हरबाबांची आरती

दुपारी नोएडाच्या त्या सरकारी कचेरीत सगळा मजला सर्व्हरच्या खोलीपुढे टाळ्या पिटत उभा होता. जावा या संगणकभाषेत लिहिलेलं वसतिगृह-प्रवेशाचं सॉफ्टवेअर जेवणानंतर रोज बसकण मारायचं. आरती झाली, प्रसाद वाटला, की हरणासारखं पळायचं. आरती म्हणणारे होते सूर्यकांत, स्वतः संगणक अभियंते! गंमत म्हणून फोडलेल्या पहिल्याच नारळाला गुण आला आणि ते 'सर्व्हरबाबा' झाले.

"बाबाजी, हमारा प्रिंटर भी देख लो ना," शेजारच्या टेबलावरचा धवल विनवायचा.

"श्रद्धा रखो, कागज़ अपने आप निकलेगा."

हे थट्टेत बोललेलं वाक्य संध्याकाळी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरला पोचेपर्यंत सूर्यकांतांना खरं वाटू लागायचं. बुद्धी गहाण टाका, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती त्यांनी आपणहून टाकली.

आतापर्यंत फक्त कचेरीत वापरलं जाणारं सॉफ्टवेअर सोमवारपासून विद्यार्थ्यांना खुलं होणार होतं. अर्ज अडला, तर गडचिरोलीच्या एखाद्या पोरीचं वसतिगृह जाणार आणि पाठोपाठ कॉलेजही. तरी दुरुस्तीची गरज नाही, असं सूर्यकांतांनी वर कळवून टाकलं होतं.

नव्यानं रुजू झालेल्या वैभवीनं मात्र सॉफ्टवेअरवर नजर ठेवणारा आलेख पडद्यावर लावला. रेघ वर चढली की मेमरी तुंबली.

"सर, आज आरती तुम्ही एकट्यानंच करा. बाकीचे काम करत राहतील."

सूर्यकांतांनी घसा बसेपर्यंत आरती म्हटली, नारळ फोडला. वर चढलेली रेघ हलली नाही.

"आता सगळे चहाला चला. आरती नको."

मजला रिकामा झाला. रेघ मुकाट खाली आली.

"आरतीला सगळे उठतात, काम थांबतं," वैभवी म्हणाली. "मग मेमरीतला कचरा काढायला जावाला सवड मिळते. परत आल्यावर थोडा वेळ बरं चालतं. सोमवारी गावोगावची मुलं आरतीला कशी बोलवायची, सर?"

सूर्यकांतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी, असं त्यांनी त्याच दिवशी वर कळवलं. शनिवार-रविवार खपून दोघांनी दोष शोधला: एक पान उघडलं की सगळे जुने अर्ज मेमरीत ओढले जात होते.

सोमवारी मुलांची झुंबड उडाली, रेघ खालीच राहिली. सूर्यकांत पडद्यापुढे हात जोडून उभे होते.

"सर, हात खाली," वैभवी म्हणाली.

तेव्हा वाचकहो, चमत्कार दिसला तर नमस्कार जरा लांबवा. नारळ फोडून जे होतं, ते चहा पिऊनही होतंय का, एवढं आधी पाहून घ्या.