गोड्या पाण्यावरचा माझा संशय

मी जूचंद्रच्या बळीरामदादांच्या घरातला ईएलसीबी बोलतोय. ओटीवर, मीटरशेजारच्या पेटीत बसलेला, काळी दांडी आणि पिवळं बटण असलेला. स्वभावाने संशयी. जन्मतःच तसा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

एका तारेने घरात गेलेली वीज दुसऱ्या तारेने तेवढीच परत येते का, एवढंच मी बघतो. थोडी जरी कमी आली, तर ती गेली कुठे? भिंतीच्या ओलीत? की कुणाच्या अंगातून जमिनीत? विचारत बसायला वेळ नसतो. मी दांडी टाकतो आणि सगळं घर बंद पडतं.

मला इथे बळीरामदादांच्या मुलाने, कल्पेशने आणलं. त्याची लेक खुशी तेव्हा नुकती चालायला लागली होती आणि भिंतीवरच्या प्लगात बोटं घालायची. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग काही वर्षांनी परसातल्या विहिरीवरची मोटर जुनी झाली, तिच्या तारेचं आवरण विरलं, आणि मोटर लावली रे लावली की मी पडू लागलो.

झालं, चोर सोडून संन्याशाला सुळी. बळीरामदादा म्हणाले, कल्पेशने स्वस्तातला माल आणला. त्यांच्या बायकोला, बायजाबाईंना वाटलं, घराला कुणाची तरी नजर लागली. त्यांनी माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या. मोटरवर संशय कुणीच घेतला नाही, पाण्यावर तर नाहीच नाही.

त्यालाही कारण होतं. बळीरामदादांची हयात मिठागरावर गेली. खाऱ्या पाण्यात वीज उतरली की काय होतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. भरतीच्या वेळी ते कुणाला तारांजवळ फिरकू देत नसत. पण घरची विहीर गोड्या पाण्याची. ओल्या हाताने नळ धरला की मुंग्या येतात, असं सून जागृती म्हणाली, तेव्हा त्यांनी ओंजळभर पाणी चाखून दाखवलं.

"पानी गोडं हाय, पोरी. ह्यात मीठच नाय, त करंट धरल कशाला?"

मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, दादा, विहिरीच्या पाण्यातही जमिनीतले क्षार विरघळलेले असतात. तुमच्या जिभेला ते कळत नाहीत, विजेला कळतात.

शेजारचा विकी फिटिंगची कामं करतो. त्याला बोलावून दादांनी मोटरची तार मला वगळून थेट मेन स्विचवर जोडून घेतली. तेव्हापासून मी पडेनासा झालो. घर खूश झालं. माझा जीव मात्र टांगणीला लागला, कारण परसातली वीज आता माझ्या नजरेखालून जातच नव्हती.

जागृतीलाही चैन नव्हतं. मी अचानक इतका शहाण्यासारखा वागतोय, हेच तिला खटकलं. एका सकाळी मोटर चालू असताना तिने माझं चाचणीचं पिवळं बटण दाबून बघितलं. मी लगेच पडलो. पंखा थांबला, फ्रिज थांबला. परसात मोटर घुरघुरतच राहिली. आणि खुशी कळशी घेऊन, अनवाणी, ओल्या फरशीवरून नळाकडे निघाली होती.

जागृतीने मेन स्विच खाली ओढला. मोटर थांबली, आणि पुढच्याच क्षणी खुशीने नळ धरला.

"बाबा, मोटर कशावर चालत होती?" जागृतीने विचारलं.

पाणी का येत नाही, म्हणून खुशी कुरकुरत होती.

मोटर दुरुस्त झाली. तार बदलली, तुटलेलं अर्थिंग नवं केलं आणि सगळं पुन्हा माझ्यातून जोडलं. मी आजही संशयीच आहे. तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून बघत जा. आणि तो पडला, तर दांडी घाईने वर करू नका. त्याला शिव्या द्या हवं तर, पण आधी आपली माणसं कुठे आहेत ते बघा.

परवा मिक्सरमध्ये पाणी गेलं आणि मी पडलो. बळीरामदादा ओटीवर बसले होते. आता आपला उद्धार होणार, असं मी धरूनच चाललो. ते ताडकन उठले, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"खुशी कुठं हाय?" त्यांनी आत हाक मारली.